भट्टी पेटून का विझते?

अमेरिका-कॅनडातील घरे तापवणारी गॅसभट्टी कधीकधी पेटते आणि काही सेकंदांतच विझते. गॅस असतो, ठिणगीही पडते. मग दोष आपण शोधायचा कुठे? बहुधा ज्योतीत धरलेल्या धातूच्या कांडीवर. ज्योतीत आयन असतात, म्हणून तिच्यातून वीज वाहते. कांडी व बर्नर यांच्यात प्रत्यावर्ती दाब लावतात. बर्नर कांडीहून कितीतरी मोठा, त्यामुळे प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने जातो, तोही जेमतेम काही मायक्रोअँपिअर! आम्हाला खरी गंमत वाटते ती या एका दिशेची. ओल येऊन कांडी बर्नरला जोडली गेली तर प्रवाह दोन्ही दिशांनी वाहील आणि परिपथ त्याला ज्योत समजणार नाही. समजला, तर न जळलेला गॅस घरात साठेल. कांडीवर पुट चढले की प्रवाह घटतो, झडप मिटते. गॅस व वीज बंद करून कांडी हलकेच घासली की बहुतेकदा भट्टी पेटती राहते.