बळाचे रसायन – लेखांक ६ : स्त्रीचे शरीर आणि ॲनाबॉलिक स्टेरॉइड

मागील लेखांकात पुरुषांमधील ॲनाबॉलिक स्टेरॉइडच्या वापराचा विचार झाला. स्त्रियांच्या वापराकडे त्याच विषयाची लहानशी पुरवणी म्हणून पाहण्याची सवय वैद्यकीय लेखनातही आढळते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात आयुष्यात कधीतरी ही द्रव्ये घेतलेल्या पुरुषांचे प्रमाण ६.४ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के निघाले, त्यामुळे ही सवय समजण्याजोगी आहे. परंतु स्त्रीच्या शरीरात जे घडते ते पुरुषाच्या शरीरात घडणाऱ्याचीच सौम्य प्रत असते, असे मात्र नाही.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेली द्रव्ये यांना ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणतात. प्रथिने बांधून स्नायू वाढवणे हा त्यांचा एक गुण आणि दाढीमिशा, जाड आवाज अशी पुरुषी लक्षणे उमटवणे हा दुसरा. यांतला पहिला गुण दुसऱ्यापासून पूर्णपणे वेगळा काढणे आजवर कोणालाही साधलेले नाही. पुरुषाच्या शरीरात दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होते, तर स्त्रीच्या शरीरात सुमारे पाव मिलिग्रॅम. बाहेरून पुरवठा सुरू झाला की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वृषणांना दिला जाणारा इशारा थांबवते, म्हणून पुरुषाच्या बाबतीत वृषणे आक्रसतात, शुक्रजंतू घटतात आणि जादा संप्रेरकाचे काही अंशी स्त्रीसंप्रेरकात रूपांतर होऊन छाती वाढू शकते. स्त्रीच्या शरीराला मात्र एवढ्या पुरुषी संप्रेरकाची ओळखच नसते, आणि त्यामुळे पुरुषाला किरकोळ वाटेल अशी मात्राही तिच्यात खोलवर बदल घडवते.

म्हणूनच स्त्रिया सहसा कमी मात्रेच्या आणि सौम्य समजल्या जाणाऱ्या ऑक्झँड्रोलोन किंवा स्टॅनोझोलोल यांसारख्या गोळ्यांकडे वळतात. ही सौम्यता फसवी आहे, कारण तोंडावाटे घेण्याच्या बहुतेक स्टेरॉइडचा यकृतावर ताण येतो व रक्तातील उपकारक कोलेस्टेरॉल घटते, आणि चोरट्या बाजारातल्या पाकिटावर एक नाव व आत दुसरेच, अधिक तीव्र द्रव्य असा प्रकार नवा नाही. पुरळ उठते, पाळी अनियमित होते किंवा थांबते. औषध सोडल्यावर हे बहुधा पूर्ववत होते. परंतु स्वरतंतू जाड होऊन उतरलेला आवाज, चेहऱ्यावरचे केस आणि वाढलेली शिश्निका हे बदल बहुतेक वेळा कायमचे राहतात. गर्भारपणात ही द्रव्ये पोटात गेली, तर स्त्रीगर्भाच्या जननेंद्रियांवर पुरुषी खुणा उमटण्याचा धोका असतो.

दुसरा मोठा फरक औषध कोणाच्या हातून येते हा आहे. पुरुष बहुधा स्वतः चौकशी करून औषध मिळवतो; स्त्रीपर्यंत ते अनेकदा प्रशिक्षक किंवा जोडीदार यांच्यामार्फत पोहोचते, असे या विषयावरील अभ्यासांतून दिसते. याचे टोक पूर्व जर्मनीने गाठले. १९७४ साली मंजूर झालेल्या सरकारी योजनेखाली तेथील खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलींनाही, ओरल-टुरिनाबोल या स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात, कारण स्त्रियांची कामगिरी या औषधाने पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक उंचावते हे योजनेतील शास्त्रज्ञांना ठाऊक होते. १९८६ साली गोळाफेकीत युरोपीय विजेतेपद मिळवणाऱ्या हायडी क्रीगरला किशोरवयापासून या गोळ्या मिळत होत्या. पुढे १९९७ मध्ये शस्त्रक्रिया करून घेऊन आंद्रेआस क्रीगर या नावाने जगू लागल्यावर त्यांची तक्रार हीच राहिली की आपल्या देहाविषयीचा निर्णय आपला आपण घेण्याचा हक्क या गोळ्यांनी हिरावून घेतला. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योप्नर यांना दोषी ठरवले, पण दोघांची शिक्षा स्थगित राहिली. उद्ध्वस्त झालेल्या शरीरांच्या मानाने ही शिक्षा फारच थोडी होती.

भारतातही २०११ साली महिलांच्या ४×४०० मीटर रिले संघातील धावपटूंच्या नमुन्यांत स्टेरॉइड सापडले. आदल्या वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या चौघींपैकी तिघी, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी आणि मनदीप कौर, त्यांत होत्या. प्रशिक्षकाने दिलेल्या पूरक आहारातून हे द्रव्य आले असावे, असा बचाव मांडला गेला. युक्रेनच्या त्या प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले, परंतु शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूचीच असा नियम असल्याने बंदी धावपटूंवरच आली.

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावाला हा विषय दूरचा वाटू शकेल. याच जिल्ह्यातील सारिका काळे यांना २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि मुलींनी मैदानात उतरणे येथे नवलाचे राहिलेले नाही. त्याबरोबरच पोलीस भरतीचे मैदानही मुलींसमोर आहे: ८०० मीटर धावणे २० गुणांचे, १०० मीटर धावणे आणि ४ किलोची गोळाफेक प्रत्येकी १५ गुणांची, असे ५० गुण, त्यांत निम्मे मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचा विचारच होत नाही. भरतीच्या मैदानी चाचणीत उमेदवारांकडे उत्तेजके सापडल्याच्या बातम्या राज्यात येऊन गेल्या आहेत. एका नोकरीवर अख्ख्या घराची आशा असताना ‘ताकदीची गोळी’ किंवा ‘स्टॅमिन्याचे इंजेक्शन’ म्हणून कोणी काही पुढे केले, तर त्याचे नाव विचारण्याचे धैर्य अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला सहज होत नाही. आणि पाळी थांबली तरी, ज्या घरात पाळीविषयी उघड बोलले जात नाही तेथे, ती हे सांगणार कोणाला, हा प्रश्न उरतोच.

सरावाच्या काळात ज्या मुलीचा आवाज घोगरा होऊ लागला असेल, पाळी चुकली असेल किंवा हनुवटीवर केस दिसू लागले असतील, तिने अशी गोळी वा इंजेक्शन त्याच दिवशी बंद करावे आणि रिकामे पाकीट किंवा कुपी सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. आवाजातील बदल सुरुवातीलाच थांबवला, तर पुढची हानी टळू शकते. तिच्या आईने आणि प्रशिक्षकानेही तिला रागे न भरता तिच्यासोबत जावे.