सीट बदलण्याआधी

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, तेव्हा तिचा साचा जपानमधल्या ‘केई’ वर्गातल्या गाडीचा होता. हा वर्ग तिथल्या सरकारने लांबी, रुंदी आणि इंजिनाच्या मर्यादा घालून आखलेला. आज त्याची रुंदीची मर्यादा १.४८ मीटर आहे. आपली ऑल्टो के१० आहे १.४९ मीटर. एवढ्यातून दोन्ही दरवाज्यांची जाडी आणि मधली गिअर-हँडब्रेकची जागा वजा केली की जे उरतं, ते बेताच्या बांध्याच्या माणसाला पुरतं. पण गाडी चालवणारे सगळेच बेताच्या बांध्याचे नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे २३ टक्के पुरुषांचं आणि २४ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानाने जास्त आढळलं. सहा फुटी किंवा रुंद खांद्याची माणसं वेगळीच. अशा माणसाची मांडी दरवाज्याला घासते, बेल्टचं बक्कल कमरेत रुततं, तासाभरात पायाला मुंग्या येतात, आणि तो सीट-कव्हरच्या दुकानात जाऊन ‘मोठी सीट बसवून द्या’ म्हणतो. माझं म्हणणं असं, की त्याचा त्रास खरा असला तरी हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. सांगाडा कंपनीचाच ठेवावा आणि त्यातलं भरण बदलावं.

त्रास नेमका कुठून येतो, ते आधी पाहायला हवं. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसल्यावर तो वाढलेला दिसला. पुढच्या दशकात तिथल्याच संशोधकांनी दाखवलं, की पाठ मागे कलती ठेवली आणि कमरेला आधार दिला तर हा दाब उतरतो. लहान गाडीतल्या मोठ्या माणसाला नेमक्या याच दोन गोष्टी मिळत नाहीत. सीट मागे सरकवता सरकवता, ज्या पट्टीवर ती सरकते तो रनर संपतो, पाठ जास्त कलती केली तर हात स्टिअरिंगपर्यंत पोचत नाहीत, मग तो पार्श्वभाग पुढे सरकवून कमरेत वाकून बसतो. दुसरं कारण फोमचं. हलक्या सीटचा पातळ फोम जास्त वजनाखाली पूर्ण दबतो आणि माणूस फोमवर न बसता खालच्या स्प्रिंगवर, सांगाड्याच्या कडेवर बसतो. तिसरं कारण सीटच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे. ते अंगाला धरून ठेवण्यासाठी असतात, पण रुंद मांड्यांना आतून टोचत राहतात. या तीनपैकी पहिलं कारण नव्या सीटने हटतंच असं नाही, कारण रनरची लांबी आणि दरवाज्यापासूनचं अंतर गाडीने ठरवलेलं असतं. बाजारातल्या ‘स्पोर्ट्स’ सीटचे उंचवटे तर आणखी उंच. वळणावर शरीर हलू नये म्हणून केलेली ती रचना मोठ्या देहाला अधिकच आवळते.

शिवाय आजची सीट म्हणजे नुसतं बसायचं आसन नव्हे. बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बक्कल सीटच्याच सांगाड्याला जोडलेलं असतं. म्हणजे धडकेच्या क्षणी माणसाचा भार सीटच्या बोल्टवर आणि रनरवर येतो. वेगळ्या गाडीची सीट पट्ट्या वेल्ड करून बसवली, की त्या जोडाची ताकद कुणीच तपासलेली नसते. २०२५ मध्ये ऑल्टो के१० आणि वॅगन-आरसारख्या गाड्यांतही सहा एअरबॅग सरसकट आल्या. त्यांतल्या बाजूच्या एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीत असतात, तिथली शिवण फाडून त्या बाहेर येतात. अशी सीट काढून दुसरी लावणं म्हणजे एक संरक्षण उपटून टाकणं, आणि पाठीवर घट्ट कव्हर शिवणं म्हणजे तेच संरक्षण कोंडून ठेवणं.

म्हणून काम करावं ते मुख्यतः बसायच्या भागात. कुशनचं काम करणारा कारागीर इथे खरा उपयोगी पडतो, मात्र त्याला नीट सांगावं लागतं. दुकानात फोमची चौकशी ‘डेन्सिटी’वर होते. डेन्सिटी फोम किती टिकेल ते सांगते. तो किती कडक आहे ही निराळी गोष्ट. हाताने दाबून मऊ लागणारा फोम निवडला तर जड माणूस पुन्हा स्प्रिंगवरच पोचतो. खाली कडक, दाट थर आणि वर बोटभर मऊ थर, ही रचना जास्त वजनाला बरी. बाजूचे उंचवटे उतरवून बसायची सपाट जागा रुंद करता येते. एक चूक मात्र सर्रास होते: वर जाड गादी टाकून बसणं. त्याने माणूस उंच होतो, गुडघे स्टिअरिंगला लागतात आणि बेल्टचा खालचा पट्टा ओटीच्या हाडावरून पोटाच्या मऊ भागावर सरकतो. अपघातात आतड्यांना इजा होते ती अशाच पट्ट्याने. म्हणून नव्या भरणाची उंची, माणूस बसल्यानंतरची, मूळ सीटइतकीच हवी. याउपर सीट बदलायचीच असेल, तर त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीतली, उंची कमीजास्त होणारी सीट कंपनीच्या वर्कशॉपकडून जुळते का, ते विचारावं.

यावर कुणी म्हणेल, गाडीला कशाला दोष, वजन कमी करा. वजन घटवणं आरोग्याला चांगलं, पण ते व्हायला महिने लागतात आणि माणूस उद्या सकाळीही गाडी चालवणारच असतो. गरोदर बाईला तर हा सल्ला लागूच होत नाही, आणि दिवसभर टॅक्सी हाकणाऱ्या चालकाला तेवढे महिने थांबता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: लहान गाडीत जागाच नाही, तर कंपनी तरी काय करणार? मुंबईची जुनी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवावी. ती ऑल्टोहून रुंद नव्हती, पण गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ आणि पुढे सलग बाक असल्याने चालकाला कडेला सरकता येत असे. सुरक्षेत ती आजच्या गाडीच्या जवळपासही नव्हती, तो बाक परत यावा असं मी म्हणत नाही. जागेची वाटणी हा निर्णय असतो, एवढंच त्यातून दिसतं. २००६ पासून करसवलत चार मीटरच्या आतल्या गाडीला मिळते. त्या नियमात रुंदीवर बंधन नाही, तरीही माहितीपत्रकात डिकीचे लिटर छापणाऱ्या कंपन्या सीटची रुंदी आणि रनर किती सरकतो हे सहसा छापत नाहीत. ते आकडे मागायला हवेत, आणि मिळेपर्यंत शोरूममध्ये टेप घेऊन जायला हवं. पेडल पूर्ण दाबता येईल अशा बेताने बसावं, छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहतं का ते मोजावं, बेल्ट पोटाखालून जातो का ते पाहावं, आणि वीसेक मिनिटं तसंच बसून राहावं.