वाकळेवर नाव कुणाचं?

नवरात्र आठवड्यावर आलं की कृष्णाकाठी दसरा काढायची घाई उडते. पलूस तालुक्यातल्या भिलवडी, आमणापूर, अंकलखोप या गावांच्या पाणवठ्यांवर घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला येतं. साड्या, चादरी हातासरशी उरकतात. वाकळेला मात्र दोघी लागतात, कारण भिजलेली वाकळ एकीच्यानं उचलत नाही. ती दगडावर पसरून पायांनी तुडवायची, दोन टोकं दोघींनी धरून पिळायची आणि काठावर उन्हाला घालायची. वाळत घातलेल्या त्या रांगांत घराघराचे जुने कपडे ओळखू येतात. आजीचं इरकली लुगडं, आजोबांचं धोतर, शाळेचा निळा सदरा, कुणाच्या तरी लग्नातलं परकराचं कापड.

पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात, ती सांगली-सातारा-कोल्हापूरकडे वाकळ. आटपाडी, जत, माण या दुष्काळी पट्ट्यात मेंढरं जास्त, तिथं पांघरायला लोकरीची घोंगडी. नदीकाठच्या काळ्या रानात सुती कापडाची वाकळ. घोंगडी विणणारा समाज ठरलेला आहे, त्याचा माग आहे, बाजारात त्याचं गिऱ्हाईक आहे. वाकळ शिवणारी मात्र घरातलीच कुणीतरी. त्यामुळे तिचं शिवणं हे काम आहे, त्याला कसब लागतं आणि वेळ लागतो, हे आपण कधी हिशेबात धरलं नाही. या लेखात तो हिशेब मांडायचा आहे.

सुरुवात कापडापासून करू. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, 27 फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की लांबी पावणेसात फूट होते आणि पन्हा साधारण चार फुटांचा. माणसाला पायापासून डोक्यापर्यंत पुरेल एवढं हे माप. लुगडं नेसून मऊ झालेलं असतं, म्हणून ते बाहेरच्या बाजूंना लागतं. आत भर घालायची ती फाटक्या धोतरांची, सदऱ्यांची, परकरांची. भर घालण्याआधी प्रत्येक कपड्याची शिवण उसवावी लागते, गुंड्या काढाव्या लागतात, कॉलर आणि कमरपट्टी कापून टाकावी लागते. जाड शिवण आत राहिली की सुई तिथं अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीलाही ती टोचते. नुसत्या या तयारीत एक-दोन दुपारी जातात.

मग सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर खालचा थर पसरायचा. त्यावर एकही सुरकुती चालत नाही. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, दगड, जे हाताशी असेल ते ठेवायचं. मधले तुकडे एकमेकांना भिडवून मांडायचे. तुकड्यावर तुकडा चढला तर तिथं उंचवटा येतो, फट राहिली तर धुताना भर गोळा होते. वरचा थर टाकून लांब टाक्यांनी सगळं कच्चं धरून घ्यायचं. हे थर लावण्याचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं, पण वाकळ दहा वर्षं टिकणार की दोन, ते इथंच ठरतं. जुन्या जाणत्या बाया हे काम दुसरीवर सोपवत नाहीत. शिवायला सुना-लेकींना बसवतात, थर मात्र स्वतः लावतात.

टाका असतो धावदोऱ्याचा. कड आत मुडपून शिवण काठापासून सुरू होते आणि फेऱ्या घालत मध्याकडे सरकते. जाड, लांब सुई. एका दमात सुईवर तीन-चार टाके भरायचे, दोरा ओढायचा, पण इतकाही नाही की कापड गोळा होईल. डावा हात वाकळेखाली असतो. सुईचं टोक खालून बोटाला लागलं की कळतं, सगळे थर पार झाले. अंगुस्तान फारसं कुणी वापरत नाही. फार तर बोटाला चिंधी गुंडाळतात. आठवडाभर शिवणाऱ्या बाईच्या तर्जनीचं टोक बघा, सुईच्या टोचणीनं ते खरबरीत झालेलं असतं. बसायचं मांडी घालून किंवा एक पाय लांब करून, वाकळेचा शिवून झालेला भाग मांडीवर घेऊन. जसजशी शिवण पुढे जाते तसतसं हे ओझं मांडीवर वाढतं. पाठ, मान, डोळे, गुडघे सगळ्यांवर त्याचा भार पडतो.

आता थोडं गणित. चार फुटांच्या पन्ह्यात अर्ध्या-अर्ध्या इंचावर ओळी धरल्या तर 96 ओळी होतात. प्रत्येक ओळ पावणेसात फुटांची, म्हणजे एकूण जवळजवळ साडेसहाशे फूट शिवण. इंचाला दोन टाके धरले तर एका वाकळेत साडेपंधरा हजार टाके. फेऱ्या गोल घेतल्या म्हणून हा आकडा फारसा बदलत नाही. बारीक शिवणारीच्या वाकळेत तो याच्या दीडपटही जातो.

हे टाके पडतात कधी? पलूस हा ऊस आणि द्राक्षांचा तालुका. ऑक्टोबरची छाटणी, मग घडांचं डिपिंग, विरळणी, उन्हाळ्याच्या तोंडाला काढणी, एप्रिलला खरड छाटणी. शिवाय उसाची भांगलण, जनावरं, स्वयंपाक. या सगळ्याच्या फटीत, बहुतेक मे महिन्याच्या दुपारी, वाकळ शिवली जाते. शेजारणी येऊन बसतात, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. पुढच्या आठवड्यात ही तिच्याकडे जाते. हा सावडीचा व्यवहार आहे. शेतात सावड असते तशीच, पण शेतातल्या सावडीला काम म्हणतात आणि वाकळेच्या सावडीला गप्पा म्हणतात.

यंत्रावर वाकळ शिवता येते की, असं कुणी म्हणेल. येते. पण यंत्राचा टाका सगळे थर घट्ट दाबून टाकतो. हाताचा धावदोरा कापडाला बारीक चुण्या पाडतो. त्या चुण्यांत आणि थरांमध्ये हवा अडकून राहते आणि ऊब त्या हवेची असते. हातची वाकळ अंगाबरोबर वळते, यंत्राची पुठ्ठ्यासारखी उभी राहते. तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी अजूनही हातची शिवणच का मागतात, त्याचं कारण हे आहे.

वाकळेवर पहिली कुऱ्हाड कापडानं घातली. टेरिकॉट आणि नायलॉन आलं, सहावारी सिंथेटिक साड्या आल्या. ते कापड घाम टिपत नाही, सुईखाली निसटतं आणि थर जागचे सरकतात. सुती लुगडं नेसणारी पिढी गेली तशी वाकळेची मूळ सामग्रीच आटली. उरलेल्या साड्या बोहारणीच्या गाठोड्यात जातात आणि बदल्यात स्टीलचं पातेलं येतं. बाजारात झुलीसारखं जाड ब्लँकेट मिळतं, त्यातलं बरंचसं पानिपतचं. पानिपतच्या अनेक गिरण्या परदेशांतून आलेले वापरलेले लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्याच धाग्याची घोंगडी-ब्लँकेटं करतात. म्हणजे आपल्या चिंध्या आपण पातेल्यावर घालवतो आणि दुसऱ्यांच्या चिंध्यांत गुरफटून झोपतो. यात नुकसान आहे, आणि ते फक्त आठवणींचं नाही, हातातल्या कसबाचंही आहे.

त्यात कृष्णेचा पूर. 2005, 2019, 2021. ऑगस्ट 2019 मध्ये याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. पाणी ओसरल्यावर घराघरातून चिखलानं माखलेल्या गाद्या-वाकळा बाहेर आल्या. नदीचा गाळ थरांत शिरला की वाकळ धुऊन निघत नाही. पंचनाम्यात कपडेलत्ते आणि भांडीकुंडी असा एक रकाना असतो. त्यात एकेका घरातल्या लाखभर टाक्यांची नोंद कुठून येणार?

अशी नोंद न होणं आपल्याकडेच घडतं असं नाही. चिंध्यांतून अंथरूण करणाऱ्या बाया जगात सगळीकडे आहेत. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर आणि कॅनडात 19व्या शतकात ‘रग हुकिंग’ नावाची कला वाढली. लाकडी चौकटीवर गोणपाट ताणायचं, कापडाची पट्टी खालून एका हातात धरायची, वरून आकडी घालून पट्टीचा फास वर ओढायचा. फासाशेजारी फास, असं करत जाजम भरायचं. त्यातलं गोणपाट तागाचं. तो ताग बंगालचा. आधी स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांतून आणि 1855 मध्ये कोलकात्याजवळ रिशऱ्याला पहिली ताग गिरणी निघाल्यावर पुढे आपल्याकडूनही गोणपाट जगभर जाऊ लागलं. बंगालच्या शेतकऱ्याचा ताग नसता तर मेन राज्यातल्या कोळणींना फास ओवायला जमीनच मिळाली नसती.

या कलेत एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट या माणसाचं नाव घेतात. तो मेनमधल्या बिडफर्डचा फेरीवाला. पत्र्याची भांडी विकायची आणि अनेकदा बदल्यात चिंध्या घ्यायच्या, असा त्या काळच्या तिथल्या फेरीवाल्यांचा धंदा. आपल्या बोहारणीचा हा व्यवहार सातासमुद्रापार तसाच्या तसा होता. 1868च्या सुमारास बायकोचं जाजमाचं काम बघून त्यानं तिला बरी आकडी करून दिली, नक्षी काढून दिली. पुढे पत्र्याचे साचे कापून गोणपाटावर नक्षी छापून विकू लागला. व्यापार त्याचा झाला, नाव त्याचं राहिलं. ती छापील नक्षी भरून हजारो जाजमं करणाऱ्या बायांची नावं मात्र बहुतेक गेली.

आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरमध्ये डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्या वैद्यकीय मिशननं हे काम उभं केलं. 1906 मध्ये जेसी ल्यूथर या बाई तिथं आल्या आणि हस्तव्यवसाय सुरू झाले. हिवाळ्यात मासेमारी बंद, घरात पैसा नाही, त्या दिवसांत बाया जाजमं करत. पुढे अमेरिकेतल्या बायकांकडून फाटके रेशमी मोजे मागवून त्यांच्या पट्ट्यांनी इतकं बारीक काम झालं की आज ती जाजमं संग्रहालयांत आहेत. त्यांच्या मागे लेबल आहे ते मिशनचं. करणारीचं नाव बहुधा नाहीच. गरिबाच्या हाताला काम मिळालं हे मोठंच झालं. पण नाव देण्याइतकी जागा त्या लेबलवर होती.

याउलट उदाहरणंही आहेत. बंगालमध्ये जुन्या साड्यांची कंथा शिवतात, तीही आपल्या वाकळेची सख्खी बहीण. 19व्या शतकात मानदासुंदरी दासी या बाईनं वडिलांसाठी शिवलेली कंथा कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात आहे आणि त्यावर तिनं आपलं नाव टाक्यांनीच लिहून ठेवलेलं आहे. अलाबामातल्या गीज बेंड या गावात गुलामगिरीतून आलेल्या कुटुंबांतल्या कृष्णवर्णीय बाया जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या, प्रत्येकीखाली शिवणारीचं नाव होतं. 2006 मध्ये अमेरिकेनं त्यांवर टपाल तिकिटं काढली. शेजारच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडच्या आफ्रिकन वंशाच्या सिद्दी बायांच्या कवंद्यांना, म्हणजे गोधड्यांना, 2004 पासून हेन्री ड्रेवाल या अमेरिकन प्राध्यापकाच्या मदतीनं बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं. कापड तेच, सुई तीच, टाकाही धावदोराच. फरक एवढाच की तिथं करणारी कोण, हे विचारलं गेलं.

आपल्याकडे आज वाकळेला पुन्हा गिऱ्हाईक आहे, हे नाकारता येणार नाही. बचत गटांच्या बाया दुपटी, गोधड्या घेऊन मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत बसतात. बारशासाठी पुण्याहून, परदेशातल्या नातवंडांसाठी गावाकडे मागण्या येतात. कापड शिंप्याच्या कातरणीचं किंवा इचलकरंजी-विट्याच्या मागांवरच्या सुताचं नवं असतं. नव्या कापडाची वाकळ ही खरी वाकळ नव्हे, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. शिवणारीच्या हाताला रोज मिळणार असेल तर कापड नवं असो की जुनं. खरी अडचण भावाची आहे. ‘जुन्या चिंध्या तर आहेत, त्याचे एवढे पैसे?’ हा प्रश्न विचारणारा माणूस चिंध्यांचे पैसे मोजत असतो, साडेपंधरा हजार टाके त्याच्या हिशेबात येतच नाहीत. तोच माणूस हॉटेलात त्या भावाचं जेवण कुरकुर न करता जेवतो.

तेव्हा वाकळ विकत घेताना किंवा शिवून घेताना ती आधी उलटी करून बघा. खालचे टाके वरच्यासारखेच सारखे असतील, कोपरे चौकोनी बसले असतील, हात फिरवताना कुठं गाठ किंवा पोकळ जागा लागत नसेल, तर हात तयार आहे असं समजा. भाव ठरवताना किती दिवस बसावं लागलं ते विचारा आणि तुमच्या गावात शेतमजुरीचा जो रोज आहे त्यानं गुणा. त्याहून कमी देऊ नका. आणि एका कोपऱ्यात तिचं नाव, गाव आणि साल घालायला सांगा. तिला लिहिता येत नसेल तर तुम्ही खडूनं अक्षरं काढून द्या, ती वरून टाके घालेल. पैसे देताना त्या अक्षरांचा अर्धा दिवसही धरा.