जुनी मिल (सोलापूर)

जुनी मिल ही सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी होय. मोरारजी गोकुळदास यांनी स्थापन केलेली ही गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. गोकाकच्या गिरणीला घटप्रभेच्या धबधब्याचे बळ लाभले. सोलापूरला तसा प्रवाह नसल्याने येथील उद्योग वाफेवर व रेल्वेवर उभा राहिला. गिरणीभोवती कामगारवस्ती वाढली.

२७ ऑगस्ट १९४९ रोजी गिरणी बंद पडली. गैरव्यवस्थापन व बेकारीचे कारण देऊन केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूमाद्वारे व्यवस्थापन ताब्यात घेतले. एका भागधारकाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बहुमताने फेटाळली; मात्र १९५३ मध्ये दुसऱ्या खटल्यात, नुकसानभरपाईविना मालमत्ता ताब्यात घेतल्याने तो वटहुकूम घटनाबाह्य ठरला. त्यामुळे ही गिरणी मालमत्तेच्या मूलभूत हक्कावरील घटनात्मक वादाचा आरंभीचा संदर्भ ठरली.