टॉवर गच्चीवर, फोन हेल्मेटमध्ये

पुण्यातल्या वारज्यात एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर बसवायचा नुसता विषय निघाला, तरी सर्वसाधारण सभा तापते. एका गटाला भाडं हवं असतं, दुसऱ्याला 'रेडिएशन' नको असतं. सभा संपली की दोन्ही गट फोन शर्टाच्या खिशात टाकून घरी जातात.

खरं तर शरीराला जास्त लहरी मिळतात त्या खिशातल्या फोनकडून. अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. टॉवर निदान काही मीटर दूर असतो, फोन मात्र कातडीला चिकटलेला. शिवाय टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो आणि रेंज गेली की ओरडतो. म्हणजे टॉवर हाकलून लावला तर आपलाच फोन जास्त जोर लावणार! तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा लिफ्टमध्ये एकच काडी दिसत असताना गप्पा लांबवू नयेत, त्या याचसाठी.

शरीराच्या एक किलो भागात किती वॉट ऊर्जा शोषली जाते, त्या मापाला 'सार' म्हणतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा १.६ वॉट आहे, तीही एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर. *#०७# दाबलं की बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात. पण तो फोनने पूर्ण जोर लावल्यावरचा असतो आणि फोन खिशात असतानाचा आकडा बऱ्याचदा शरीरापासून काही मिलिमीटर अंतर ठेवून मोजलेला असतो. माहितीपुस्तिकेतली ही बारीक अक्षरं कोण वाचतं?

मग कॅन्सरचं काय? २०११मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. २०२४मध्ये त्याच संघटनेनं करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मात्र मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. या लहरी ऊतींना किंचित तापवतात. क्ष-किरणांप्रमाणे रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरायला पैसे पडत नाहीत.

कर्वेनगरहून वारज्याच्या पुलाकडे दुचाकीवरून निघालेले, हेल्मेट आणि कानाच्या फटीत फोन खुपसून बोलणारे महाभाग वेगळेच. त्यांना लहरींच्या आधी हायवेवरचा डंपर गाठेल. घरात कुणाला पेसमेकर असेल, तर त्यांना मात्र आजच सांगा : फोन पेसमेकरच्या बाजूच्या खिशात नको, पेसमेकरपासून किमान पंधरा सेंटिमीटर लांब, आणि बोलायचं ते विरुद्ध बाजूच्या कानानं.