विश्लेषण : बाळ येण्याआधीची दोघांची सहल... कधी करावी, कुठे जावे, कोणी टाळावी?

लग्नानंतर ‘हनिमून’, तसा बाळ येण्याआधी ‘बेबीमून’. काही वर्षांपूर्वी चित्रपट कलावंतांच्या छायाचित्रांपुरता असलेला हा प्रकार आता पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरच्या नोकरदार जोडप्यांच्या बोलण्यातही येऊ लागला आहे. घरात मात्र त्यावर दोन मते असतात. ‘पोटुशी बाईने प्रवास करायचा नसतो’ असे आजी सांगते, तर ‘एकदा बाळ आले की दोन वर्षे कुठे जाता येणार नाही’ असे मैत्रिणी सांगतात. दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रश्न जावे की जाऊ नये एवढाच नाही. कोणत्या आठवड्यात, किती दूर आणि कोणत्या तयारीने जावे, हा खरा प्रश्न आहे.

बेबीमून ही कल्पना आली कुठून?

‘बेबीमून’ हा शब्द ब्रिटनमधील समाजमानववंशशास्त्रज्ञ आणि बाळंतपणाच्या विषयावर विपुल लेखन करणाऱ्या शीला किट्झिंगर यांच्याशी जोडला जातो. गंमत म्हणजे त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ आजच्यापेक्षा वेगळा होता. बाळ जन्मल्यानंतर आई, वडील आणि बाळ यांनी पाहुण्यांच्या गर्दीपासून दूर, एकत्र घालवायचे दिवस म्हणजे बेबीमून. पुढे पर्यटन व्यवसायाने तो शब्द उचलला आणि प्रसूतीपूर्वीच्या सहलीला चिकटवला.

आपल्याकडे गर्भवतीची हौस पुरवण्याची रीत जुनीच आहे. बागेतले, चांदण्यातले, नावेतले, झोपाळ्यावरचे असे डोहाळजेवणाचे प्रकार म्हणजे एका अर्थी तिच्यासाठी घडवलेली छोटी सहलच. फरक इतकाच की त्या सोहळ्यात मध्यभागी ती आणि भोवती बायका. नवरा कुठेतरी बाहेरच्या खोलीत. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी गेली की दोघांची भेट थेट बारशाच्या आसपास होई. दोघांनी मिळून घालवायचा वेळ या रीतीत नव्हता. बेबीमूनने भरून काढली ती हीच जागा.

कोणता काळ सर्वांत योग्य?

‘अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स’ ही स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांची संघटना गर्भारपणाचा १४ ते २८ आठवड्यांचा काळ प्रवासासाठी सर्वांत चांगला मानते. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ, थकवा आणि गर्भपाताची शक्यता अधिक असते. शेवटच्या तीन महिन्यांत पोटाचा भार, पायांवरची सूज आणि अवेळी कळा येण्याची धास्ती असते. मधला काळ त्यामानाने सुसह्य.

महाराष्ट्रातील जोडप्यांसाठी ही खिडकी प्रत्यक्षात आणखी अरुंद होते. बाळाच्या अवयवांची वाढ पाहणारी ‘ॲनॉमली स्कॅन’ ही सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत होते. वार खाली आहे का, गर्भाशयाच्या मुखाची लांबी पुरेशी आहे का, हेही त्या सुमारास कळते. म्हणून आरक्षण या तपासणीनंतरच पक्के करणे शहाणपणाचे. पुढे २४ ते २८ आठवड्यांत गर्भारपणातील मधुमेहाची चाचणी असते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण आणि अनेक घरांत त्यापाठोपाठ माहेरी जाणे. शिवाय २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांकडच्या फेऱ्या महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी होऊ लागतात. हे सगळे मांडले की हातात उरतात जेमतेम सात-आठ आठवडे. त्यात दोघांच्या सुट्ट्या, घरातले सण आणि हवामान बसवायचे असते. त्यामुळे आधी ठिकाण आणि मग तारीख, हा नेहमीचा क्रम इथे उलटा करावा लागतो.

कोणी ही सहल टाळावी?

रक्तस्राव झालेला असणे, वार गर्भाशयाच्या मुखावर असणे, मुखाला टाका घातलेला असणे, रक्तदाब वाढलेला असणे, आधीची प्रसूती वेळेपूर्वी झालेली असणे, यांपैकी काहीही असल्यास घराजवळ राहणेच योग्य. जुळी असतील तर डॉक्टरांचा निर्णय अंतिम मानावा. रक्तक्षय हा दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला होता. विमानातील हवेचा दाब सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखा ठेवलेला असतो. निरोगी गर्भवतीला त्याचा त्रास होत नाही. पण हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर होऊ शकतो. तेव्हा डॉक्टरांना ‘प्रवास केला तर चालेल का?’ असा मोघम प्रश्न न विचारता ठिकाण, वाहन, प्रवासाचे तास आणि त्या वेळी कितवा आठवडा असेल, हे सांगून विचारावे.

गाडी, रेल्वे की विमान?

मोटारीने जाताना पट्टा लावायचाच. आडवा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या बाजूला आणि तिरका पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने जायला हवा. पोटावरून आडवा पट्टा कधीही नको. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे. गर्भारपणात पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका एरवीपेक्षा पाच पटींपर्यंत वाढतो आणि तासन्‌तास बसून राहिल्याने तो आणखी वाढतो. स्वच्छतागृह सापडणार नाही म्हणून पाणीच न पिणे, ही महामार्गावरची सर्वसाधारण सवय अशा वेळी घातक ठरते. थांबण्याची ठिकाणे आधीच ठरवून घेणे हा त्यावरचा सोपा उपाय.

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे. मात्र मागच्या चाकांवरची आणि शेवटच्या रांगेतील आसने टाळावीत, कारण धक्के तिथेच अधिक बसतात. लांबच्या अंतरासाठी रेल्वे बरी. चालता येते, स्वच्छतागृह हाताशी असते. गर्भवतींसाठी रेल्वेत खालच्या बर्थचा कोटा आहे. पण त्याच तिकिटावर नवऱ्याचे नाव असेल तर तो लागू होईल का, हे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन आरक्षण खिडकीवरच विचारून घ्यावे.

विमान कंपन्या साधारणपणे ३२ आठवड्यांनंतर ‘फिट टू फ्लाय’ प्रमाणपत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर बहुतेक जण प्रवासी म्हणून घेत नाहीत. जुळ्यांसाठी मर्यादा आणखी अलीकडची असते. नियम कंपनीगणिक बदलतात आणि आठवडे मोजायचे असतात ते परतीच्या तारखेला, जाण्याच्या नव्हे. २७ व्या आठवड्यातही डॉक्टरांचे तारीखवार पत्र जवळ असले की काउंटरवरचा वाद टळतो.

ठिकाण निवडताना काय पाहावे?

छायाचित्रांपेक्षा नकाशा महत्त्वाचा. मुक्कामापासून चोवीस तास प्रसूतितज्ज्ञ, रक्तपेढी आणि नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग किती वेळावर आहे, ही पहिली चौकशी. तास-दीड तासाच्या आत असे रुग्णालय नसेल तर ठिकाण कितीही सुंदर असले तरी ते पुढच्या वेळेसाठी ठेवावे.

या कसोटीवर आपली नेहमीची ठिकाणे पाहू. माथेरानची हवा उत्तम, पण दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी आहे. तिथून पुढे बरेच चालावे लागू शकते, आणि घोड्यावर बसणे गर्भवतीसाठी वर्ज्य. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर असल्याने उंचीचा प्रश्न नाही; घाटातील वळणांनी मळमळ होते, आणि मोठ्या उपचारांसाठी घाट उतरून वाई किंवा साताऱ्याकडे यावे लागते. चिखलदऱ्याहूनही घाट उतरून परतवाडा आणि पुढे अमरावती गाठावी लागते. ताडोबाची सफारी म्हणजे उघड्या जीपमध्ये कच्च्या रस्त्यावर तासन्‌तास धक्के, ती नंतरच.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरी सुमारे २५ किलोमीटरवर आहे, ही जमेची बाजू. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्याहून मांडव्यापर्यंत रो-रो बोटीने गाडीसह जाता येते. त्यामुळे अलिबागला जाताना रस्त्याचे धक्के वाचतात आणि जिल्हा रुग्णालयही तिथेच आहे. गोव्यात पणजीच्या परिसरात राहिल्यास बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला निवांत मुक्काम आणि शहरातील रुग्णालये, दोन्ही साधते. लडाखचा विचार मात्र सोडून द्यावा. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. सवय नसताना अडीच हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी थेट जाऊन मुक्काम करणे टाळावे.

महाराष्ट्र आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. परंतु ज्या हॉटेलात मोबाइलला रेंज नाही, तिथे हा क्रमांक उपयोगाचा नाही. ‘नो नेटवर्क’ ही एरवीची चैन यावेळी नको.

पाणी, मासे आणि डास...

हिपॅटायटिस ई ही दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ इतरांना बहुधा सौम्य जाते; गर्भवतींना ती जिवावर बेतू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार शेवटच्या तिमाहीत ही लागण झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून उकळलेले किंवा सीलबंद पाणीच प्यावे. बर्फाचा गोळा, उसाचा रस, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळे नकोत. किनाऱ्यावर बांगडा, तारली, बोंबील नीट शिजवून खायला हरकत नाही. मोरीसारख्या मोठ्या माशांत पाऱ्याचे प्रमाण जास्त असते, ती टाळावी. मोठी सुरमई बेतानेच.

डासांकडे दुर्लक्ष नको. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरातील रुग्णांमध्ये गर्भवतीही होत्या. झिकामुळे बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. जिथे साथीची बातमी आहे तिथे जाऊ नये. इतरत्र पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेले मलम वापरावे.

तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंग, पॅरासेलिंग, बनाना राइड, गरम पाण्याचा टब, सौना हे सारे या सहलीत बाद. शांत पाण्यात पोहणे, सपाट वाटेवर चालणे मात्र चांगले.

खर्च आणि रजेचे गणित काय?

देशातील कायद्यानुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. त्यातील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. सहलीचा योग्य काळ त्या ८ आठवड्यांच्याही आधी संपतो. म्हणजे सहलीची रजा नेहमीच्या हक्काच्या रजेतून घ्यावी लागते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे; खासगी क्षेत्रात अशी सक्ती नाही. बाळ आल्यावर बाबाला लागणारे दिवस सहलीत संपवले तर तो सौदा महागात पडतो. तीन रात्रींची, शनिवार-रविवार धरून केलेली सहल बहुतेकांना पुरते.

प्रवास विम्यात गर्भारपणाशी संबंधित खर्च अनेकदा वगळलेला असतो, तो कलम वाचून घ्यावा. अकाली जन्मलेल्या बाळाचा अतिदक्षता विभागातील खर्च सहलीच्या खर्चाच्या कैकपट असू शकतो. आरक्षण असे हवे की डॉक्टरांनी आदल्या दिवशी ‘नको’ म्हटले तरी पैसे परत मिळतील. थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी हरकत नाही, कारण पैसे बुडतील म्हणून त्रास अंगावर काढत निघणारी जोडपी खरा धोका पत्करतात.

सोबत काय असावे आणि केव्हा परतावे?

तपासण्यांची फाइल मूळ प्रतीत आणि मोबाइलमध्ये, रक्तगटाची नोंद, नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, आपल्या डॉक्टरांचा आणि मुक्कामाजवळच्या रुग्णालयाचा क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये. रक्तस्राव, पाणी जाणे, ठरावीक अंतराने पोट घट्ट होणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पायाला सूज व दुखणे किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणे, यांपैकी काहीही झाल्यास घरी परतण्याची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे. ‘सकाळी बघू’ हे वाक्य या यादीसाठी नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

समुद्र आणि डोंगर नंतरही असतात. नंतर मिळत नाही तो दोघांचा सलग, न तुटणारा वेळ. बाळंतपण माहेरी की सासरी, रात्री बाळ रडले तर कोण उठणार, नोकरी कधी आणि कशी सुरू करायची, आईला किती दिवस बोलवायचे, सासूबाईंना काय सांगायचे, पैशांची तरतूद किती, हे प्रश्न घरात जेवणाच्या ताटावर निघतात आणि फोन वाजला की अर्ध्यावर राहतात. बाळ आल्यावर ते रात्री तीन वाजता, दमलेल्या अवस्थेत, भांडणाच्या रूपाने परत येतात. तीन दिवसांच्या सहलीत यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे ठरली तरी खर्च वसूल झाला म्हणायचा.

आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली असेल तर? घराजवळच दोन दिवस रजा घ्यावी, स्वयंपाकाला सुट्टी द्यावी, संध्याकाळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत किंवा तळ्याकाठी चालत जावे आणि हीच बोलणी तिथे करावीत. त्याला आरक्षण लागत नाही आणि प्रमाणपत्रही.