मोठ्या पानांचं झाड, नगरच्या कोरड्या हवेत

नगरच्या कुठल्याही रोपवाटिकेत आता ते झाड हमखास दिसतं. शेडनेटखाली काळ्या पिशवीत उभं, चार-पाच फुटांचं सरळ खोड आणि त्यावर हातभर लांबीची, मध्ये कंबर असलेली जाड पानं. विक्रेते त्याला फिडल लीफ म्हणतात, कुणी नुसतंच लायराटा. शास्त्रीय नाव फायकस लायराटा. लोक ते दिवाणखान्यासाठी नेतात आणि वर्षा-दोन वर्षांनी ते छताला टेकू लागलं की अंगणात लावून टाकतात. बहुतेक झाडं इथेच जातात. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात, मेअखेर खोड उघडं पडतं आणि आपल्याकडे हे झाड येत नाही, असा निकाल लागतो. झाड येतं, पण त्याच्या पानाची गरज ओळखून जागा निवडली तरच.

हा आपल्या वड-पिंपळ-उंबराचाच भाऊबंद. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या सखल, दमट जंगलांत तो वाढतो. तिथे त्याचं बी अनेकदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं आणि मुळं हळूहळू खाली जमिनीपर्यंत येतात. गर्द झाडीत उजेड कमी, म्हणून पान रुंद. हवेत ओलावा भरपूर, म्हणून रुंद पान परवडतं. नगरला गणित नेमकं उलटं होतं. पान जितकं मोठं, तितका त्याला बिलगलेला स्थिर हवेचा थर जाड असतो आणि पानातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. अशा वेळी पान पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सोडून स्वतःला गार ठेवतं. मुळांकडून तेवढं पाणी वर आलं नाही, की रंध्रं मिटतात आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही तापतं. करपलेली कड हा त्याचा पुरावा. बरेच जण त्याला रोग समजून औषध मारतात, त्याचा काहीही उपयोग होत नाही.

जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहाच्या खाली उतरतो. लायराटाला दोन्ही टोकं सोसत नाहीत. पण त्याहून घातक असतात त्या मार्च ते मेमधल्या दुपारच्या कोरड्या झळा. म्हणून जागा हवी घराच्या पूर्वेला. सकाळचं कोवळं ऊन मिळावं आणि दुपारी बारानंतर इमारतीची सावली पडावी. पश्चिमेला आडोसा असावा, तोही भिंतीपेक्षा झाडांचा चांगला, कारण तापलेली भिंत संध्याकाळपर्यंत उष्णता ओकत राहते. घरात वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवू नये. जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर तीन-चार आठवडे थोडं थोडं ऊन दाखवत न्यावं आणि मग जमिनीत लावावं.

आता माती. या शहरातल्या बागकामाबद्दल सर्वांत नामांकित नोंद जवाहरलाल नेहरूंची आहे. ऑगस्ट 1942 ते मार्च 1945 ते नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या सुरुवातीलाच ते सांगतात, की आपण भर उन्हातही तासन् तास खणून फुलांचे वाफे करत होतो, पण माती वाईट होती, दगडांनी आणि जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. नगरच्या उपनगरांत बंगल्याभोवतीची जमीन खणणाऱ्याला आजही हेच सापडतं: विटांचे तुकडे, सिमेंट, चुना. चुन्यामुळे आधीच विम्लधर्मी असलेली जमीन आणखी विम्ल होते. मग लोह मातीत असूनही मुळांना ते उचलता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन राडारोडा पूर्ण काढावा. नुसती काळी माती भरू नये. ती पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. पोयटा, थोडा मुरूम आणि चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण हवं. पिवळेपणा आलाच तर चिलेटेड लोह द्यावं. साधं हिराकस अशा जमिनीत फार काळ टिकत नाही.

बोअरच्या पाण्याचं दुखणं वेगळं. बऱ्याच ठिकाणी ते जड आहे, आणि प्रवरा-मुळेच्या कालव्यांखाली कित्येक जमिनी खारवट, चोपण झाल्या आहेत. क्षार साठले की पानांची टोकं तपकिरी होतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात किंवा बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासून घेणं हे रोप विकत घेण्याच्या आधीचं काम आहे. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोल भिजवावं, खोडाजवळ नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली आळं करून. कधी चिखल, कधी धूळ असं झालं की कोवळ्या पानांवर लालसर ठिपके उठतात. उन्हाळ्यात आच्छादन अत्यावश्यक, आणि त्यासाठी साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उसाच्या पाचटाइतकी सोयीची वस्तू नाही. चार-सहा इंचांचा थर द्यावा. खोडापासून मात्र वीतभर दूर, नाहीतर वाळवी चढते.

एवढं करण्याची तयारी नसेल तर रबराचं झाड लावावं. फायकस इलास्टिका मूळचं आपल्या ईशान्येचं. मेघालयातल्या खासी-जैंतिया डोंगरांतले जिवंत मुळांचे पूल त्याचेच. त्याच्या पानाची त्वचा एकावर एक अनेक पेशीथरांची असते आणि त्यात चुन्याचे खडे लोंबकळत असतात. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली ते मुद्दाम बघतात. ही जाड त्वचा पाणी राखते, म्हणून नगरचं ऊन ते लायराटापेक्षा खूप चांगलं झेलतं. निवडताना गडद हिरवं किंवा तांबूस काळपट पानाचं घ्यावं. पांढरे पट्टे असलेलं उघड्यावर लवकर भाजतं. ज्याला निराळं काही हवं त्याने द्रोणासारख्या पानांचा कृष्णवड शोधावा. तो वडाचाच प्रकार आहे आणि हवामान त्याच्या ओळखीचं आहे.

मात्र यातलं कुठलंही झाड कुंपणाला खेटून लावू नये. या कुळाचा आवाका पाहायचा तर संगमनेर तालुक्यात पेमगिरीला जावं. शहाजीराजांनी ज्या किल्ल्यावर निजामशाहीच्या बालवारसाला गादीवर बसवलं, त्याच गावच्या शिवारात एक जुना वड पारंब्या टाकत सुमारे साडेतीन एकरांवर पसरला आहे, असं सांगतात. कुठला फांदीचा विस्तार आणि कुठलं नवं खोड, हे तिथे कळेनासं होतं. लायराटा किंवा रबर तेवढे पसरत नाहीत. तरी जमिनीत लागल्यावर ते चाळीस-पन्नास फुटांचे वृक्ष होतात आणि त्यांची मुळं ओलाव्याच्या मागावर पाण्याची टाकी, सांडपाण्याचा नळ, पायाची फट सगळीकडे शिरतात. घरापासून किमान वीस फूट, सेप्टिक टँकपासून त्याहून लांब. गुंठाभराच्या प्लॉटवर हे बसत नसेल तर झाड मोठ्या कुंडीतच ठेवावं आणि दर दोन वर्षांनी मुळं छाटावीत. छाटताना पांढरा चीक अंगावर आला तर खाज सुटते. हातमोजे घालावेत, लहान मुलांना दूर ठेवावं.

रोप वाढवायचं तर पावसाळ्यात गुटी कलम सोपं. पेन्सिलपेक्षा जाड फांदीवर इंचभर रुंदीची साल गोलाकार काढावी, चीक पुसावा, भिजवलेलं मॉस बांधून वर प्लास्टिक गुंडाळावं. दीड-दोन महिन्यांत मुळं दिसतात. लायराटाला बियांचा मार्ग जवळजवळ नाहीच. फायकसच्या फळात फुलं आत असतात आणि परागीकरण करणारी चिमुकली गांधीलमाशी बहुधा प्रत्येक जातीची स्वतंत्र असते; आफ्रिकेतली ती माशी इथे नाही, त्यामुळे रुजणारं बी नाही.

उंबराची माशी मात्र इथलीच आहे. म्हणून उंबर वर्षातून अनेकदा खोडाला लगडतो, आणि तांबट, बुलबुल, साळुंक्या, हरियाल त्यावर तुटून पडतात. त्याचं पान लायराटाएवढं नाही, सावली मात्र थंड आणि दाट. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा सांगताना ज्या झाडांची नावं घेतली, त्यांत उंबर आहे. ओल त्यालाही लागते. विहिरीजवळ, ओढ्याकाठी, सांडपाण्याच्या पाटालगत तो जोमाने वाढतो. ज्याच्याकडे एकाच मोठ्या झाडाची जागा आहे, त्याने तो खड्डा उंबराला द्यावा आणि लायराटा पूर्वेच्या ओसरीत, कुंडीत ठेवावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. उंबर लावताना खाली फरशी मात्र घालू नये. पिकलेली फळं महिनाभर टपटपतात आणि ती मातीतच पडलेली बरी.